रुग्ण घरी गेल्यानंतरचे तीस दिवसही मोजा : पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य प्रमुख,
पुणे महानगरपालिका.

विषय : शहरातील रुग्णालयांच्या सेवेचा दर्जा कोणत्या मोजमापांवरून ठरवावा, याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. पुण्यातील रुग्णालयांत परिचारिका म्हणून आणि नोकरीच्या उत्तरार्धात इन्फेक्शन कंट्रोल नर्स, म्हणजे रुग्णालयातील संसर्ग रोखण्याचे काम पाहणारी परिचारिका, म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे. रुग्णालयांतून आपल्याकडे आणि राज्य शासनाकडे जाणारे अनेक तक्ते भरण्याचे काम माझ्याकडे असे. त्या तक्त्यांतून काय कळते आणि काय निसटते, याविषयी हे पत्र आहे.

आपल्या विभागाकडे दोन जबाबदाऱ्या एकत्र आल्या आहेत. कमला नेहरू रुग्णालय, नायडू सांसर्गिक रुग्णालय, ठिकठिकाणची प्रसूतिगृहे आणि दवाखाने आपण स्वतः चालवता. शहरातील खासगी रुग्णालयांची १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी आणि नूतनीकरणही आपणच करता. नोंदणीच्या वेळी खाटा किती, जागा किती, प्रशिक्षित परिचारिका किती, अग्निशमन दलाचा दाखला आहे का, जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था काय, हे विचारले जाते आणि ते विचारलेच पाहिजे. मात्र तेथे दाखल झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या कागदांत कोठेच येत नाही.

वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन ठिकाणी पाहावा, असे अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडले. पहिली व्यवस्था, म्हणजे इमारत, माणसे आणि साधने. दुसरी कार्यपद्धती, म्हणजे रुग्णासाठी प्रत्यक्षात काय केले गेले. आणि तिसरे फलित, म्हणजे रुग्णाचे शेवटी काय झाले. जगभरातील आरोग्य खाती आजही हीच विभागणी वापरतात. व्यवस्था चांगली असेल तर कार्यपद्धती चांगली राहण्याची शक्यता वाढते आणि कार्यपद्धती चांगली असेल तर फलित चांगले मिळण्याची. ही फक्त शक्यता आहे, हमी नाही, हे आपल्याकडे वारंवार विसरले जाते. आपल्या देशाने याचा मोठा अनुभव घेतला आहे. रुग्णालयात प्रसूती करणाऱ्या बाईला रोख मदत देणारी जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये रुग्णालयांतील प्रसूतींचे प्रमाण ३८.७ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्क्यांवर आणि २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. हे यश खरे आहे आणि मातामृत्यूही घटले आहेत. परंतु प्रसूती ज्या झपाट्याने घरातून रुग्णालयात आल्या, त्या झपाट्याने आई आणि बाळ वाचले नाहीत. बाई रुग्णालयाच्या दारातून आत आली हे आपण मोजले. आत आल्यावर तिचा रक्तदाब कोणी घेतला का, रक्तस्राव सुरू झाल्यावर किती मिनिटांत उपचार मिळाले, हे मोजायचे राहिले. लॅन्सेट समूहाच्या दर्जेदार आरोग्यव्यवस्थांविषयीच्या आयोगाने २०१८ मध्ये असा अंदाज दिला की, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत उपचारांनी टळू शकणारे सुमारे ८६ लाख मृत्यू दरवर्षी होतात आणि त्यांपैकी सुमारे ५० लाख मृत्यू हे उपचारांपर्यंत पोहोचूनही सेवा निकृष्ट मिळाल्यामुळे होतात. रुग्णालयात पोहोचणे म्हणजे उपचार मिळणे, असे धरून चालण्याचे दिवस गेले आहेत.

आता माझ्या कामातील एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण माझे म्हणणे त्यातच आहे.

सिझेरियन झालेल्या बाईला साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडतात. जखमेत संसर्ग झालाच, तर पू येणे, टाके सुटणे, ताप येणे हे बरेचदा त्यानंतर, सातव्या-आठव्या दिवशी किंवा आणखी उशिरा दिसते. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग मोजण्याची आंतरराष्ट्रीय व्याख्या शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांची आहे. तोपर्यंत बाळंतीण कोठे असते? पहिलटकरीण बहुतेक वेळा माहेरी असते. मग ते माहेर सासवडला असो, इंदापूरला असो की लातूरला. टाक्यांतून पाणी येऊ लागले की घरचे तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेतात. ते ड्रेसिंग करतात, अँटिबायोटिक देतात, पंधरा दिवसांत जखम भरते, आणि ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे त्या महिन्याच्या तक्त्यात ‘संसर्ग : शून्य’ असे लिहिले जाते. हे लिहिणारी सिस्टर खोटे बोलत नसते. वॉर्डात तिला संसर्ग दिसलेलाच नसतो.

घरी गेलेल्या बायकांना फोन करायला सुरुवात केली की चित्र बदलते. फोन बहुधा तिची आई उचलते. ‘पेशंट कशी आहे?’ असे विचारले, तर ‘ठीक आहे हो सगळं’ हेच उत्तर येते, कारण आपल्या माणसाच्या तब्येतीविषयी परक्याशी तक्रारीचा सूर लावणे आपल्या घरांत बरे समजत नाहीत. पण ‘टाक्यांवरचं कापड ओलं होतं का? दिवसातून किती वेळा बदलावं लागतं? टाके पुन्हा कोणी उघडले का?’ असे नेमके विचारले, की माऊली सगळे सांगते. डॉक्टरांचे नाव सांगते, गोळ्यांचा रंग सांगते, किती खर्च झाला तेही सांगते. अशा चार-पाच साध्या प्रश्नांतून मिळणारी माहिती अख्ख्या फाइलीतून मिळत नाही.

आणि येथेच मोजमापाचा खरा पेच उभा राहतो. जे रुग्णालय मनापासून फोन करते, त्याचा संसर्गाचा आकडा वर जातो. जे करत नाही, त्याचा शून्यावर राहतो. आपण दोन्ही रुग्णालयांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर प्रामाणिक रुग्णालय वाईट ठरेल आणि पुढच्या वर्षी तेही फोन करणे बंद करील. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, संसर्गाचा दर मागताना ‘शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किती जणांशी तिसाव्या दिवशी प्रत्यक्ष संपर्क झाला’ हा आकडाही त्याच ओळीत मागावा. शंभरांपैकी नव्वद जणींशी बोलून सांगितलेले चार टक्के हे दहा जणींशी बोलून सांगितलेल्या शून्यापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह आहेत. प्रत्येक दराखाली एक छेद असतो, आणि छेदातून कोण गळले हे कळल्याशिवाय अंशाला काही अर्थ नाही.

ही कल्पना नवीन नाही. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा पुढे एक वर्षापर्यंत करावा आणि त्याचा ‘अंतिम परिणाम’ नोंदवावा, असा आग्रह धरत. ते काम करत असलेल्या मोठ्या रुग्णालयाने ते मानले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचे लहान रुग्णालय काढले. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांची माहिती त्यांनी छापून प्रसिद्ध केली आणि त्यात आपल्या हातून झालेल्या १२३ चुकाही नोंदवल्या. तेव्हा टेलिफोनसुद्धा घरोघरी नव्हता. आज प्रत्येक केसपेपरवर मोबाइल क्रमांक असतो.

मृत्यूच्या आकड्यांतही गळती अशीच होते, फक्त ती अधिक गंभीर आहे. अत्यवस्थ रुग्णाला शेवटच्या टप्प्यात दुसरीकडे रेफर केले, किंवा पैसे संपल्यामुळे नातेवाइकांनी डामावर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर, सही करून त्याला बाहेर नेले, की मृत्यू त्या रुग्णालयाच्या खात्यावर पडत नाही. तो पडतो शेवटी घेणाऱ्याच्या खात्यावर. १८६७ पासून पुण्याचा आधार असलेल्या ससून या शासकीय रुग्णालयात असे रुग्ण शहरातूनच काय, आसपासच्या जिल्ह्यांतूनही येतात. तेथील मृत्यूंची संख्या पाहून जो कोणी ससूनला नावे ठेवतो, त्याने ते रुग्ण आधीचे दिवस कोठे होते हेही विचारायला हवे. मृत्यूदर मोजायचाच असेल, तर दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण कोठेही दगावला तरी तो मोजला जावा, आणि रेफर व डामा यांचे आकडे कारणांसह स्वतंत्र दाखवले जावेत. एखाद्या रुग्णालयात डामाचे प्रमाण मोठे असेल, तर तेथील कमी मृत्यूदराला मान देण्याआधी आपण थांबले पाहिजे.

रुग्णाचे वय, इतर आजार, येतानाची अवस्था हे सारे लक्षात घेऊनच तुलना करावी लागते. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून हृदयशस्त्रक्रियांची माहिती अशा प्रकारे जोखीम विचारात घेऊन गोळा केली आणि पुढे रुग्णालयांचे आणि शल्यचिकित्सकांचे आकडे जाहीर केले. तेथे मृत्यूदर कमी झाला. त्याचबरोबर, आकडा बिघडेल या भीतीने काही शल्यचिकित्सक अतिजोखमीचे रुग्ण टाळू लागले आहेत का, हा वादही उभा राहिला आणि तो अजून मिटलेला नाही. पुण्यात असे काही सुरू करताना हे दोन्ही अनुभव समोर ठेवावेत.

याहून अवघड भाग म्हणजे जे दारातूनच परत गेले त्यांचा. अत्यवस्थ रुग्णावर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच स्पष्ट केले. तरीही डिपॉझिट नाही, बेड नाही, तज्ज्ञ नाहीत अशा कारणांनी परतलेला माणूस कोणत्याच रजिस्टरमध्ये नसतो, कारण त्याचा केसपेपरच निघालेला नसतो. अपघात विभागाच्या दाराशी एक साधे रजिस्टर असावे : कोण आले, किती वाजता आले, नाडी-रक्तदाब काय होता, कोठे पाठवले, कशातून पाठवले. १०८ च्या रुग्णवाहिकांकडील नोंदींशी ते अधूनमधून ताडून पाहता येईल. हे मोजमाप कोणालाच आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला मात्र ते सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आता तपासण्यांविषयी. शासकीय संस्थांसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानके आली, २०१५ मध्ये स्वच्छतेसाठीचे कायाकल्प पुरस्कार आले, प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ आले. खासगी रुग्णालये एनएबीएच या रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन घेतात. या सगळ्यांमुळे स्वच्छता आणि शिस्त वाढली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु तपासणीचा दिवस हा वर्षातील एक दिवस असतो. प्रत्येक खाटेपाशी अडकवलेल्या हँडरबच्या, म्हणजे हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाच्या, बाटल्या एकाच पातळीपर्यंत भरलेल्या दिसल्या, की त्या काल भरल्या आहेत हे कोणतीही जुनी सिस्टर ओळखते. महिनाभराचे हात धुण्याचे रजिस्टर एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत भरलेले असते तेही दिसते. याउलट स्टोअरमधून महिन्याला किती लिटर हँडरब निघाले आणि त्या महिन्यात किती रुग्ण किती दिवस दाखल होते, हे दोन आकडे घेतले तर काम चालू आहे की नाही हे बरेचसे कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वयंमूल्यमापनाच्या चौकटीत दर १००० रुग्ण-दिवसांमागे किमान २० लिटर वापर धरला आहे. हा आकडा खरेदीच्या बिलांतून निघतो, त्यासाठी परिचारिकेला एकही जादा रकाना भरावा लागत नाही, आणि तो फुगवायचा म्हटले तरी खरोखर बाटल्या विकत घ्याव्या लागतात. मोजमाप कसे असावे, याचा हा मला माहीत असलेला फार चांगला नमुना आहे.

आकड्याला बक्षीस किंवा शिक्षा जोडली, की माणसे आकडा सांभाळतात. इंग्लंडमध्ये अपघात विभागातील रुग्णाला चार तासांत दाखल करावे किंवा सोडावे, असे उद्दिष्ट ठेवले गेले. हेतू चांगला होता आणि ताटकळणे कमीही झाले. पण घड्याळ सुरू होऊ नये म्हणून रुग्णवाहिका बाहेर थांबवून ठेवल्याच्या तक्रारीही आल्या. मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयात उद्दिष्टे आणि जमाखर्च सांभाळताना रुग्णांची किती आबाळ झाली, याचा चौकशी अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तहानलेल्या रुग्णांना पाणीसुद्धा मिळत नव्हते, हे त्यातील तपशील आजही वाचवत नाहीत.

सिझेरियनच्या टक्केवारीवरून रुग्णालयांना झोडपण्याची पद्धत आपल्याकडे आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील खासगी रुग्णालयांत ती ४७.४ टक्के आणि शासकीय रुग्णालयांत १४.३ टक्के होती. एवढा फरक चिंतेचाच आहे. परंतु गुंतागुंतीच्या केसेस घेणाऱ्या रुग्णालयाला आणि सरळ प्रसूती करणाऱ्या रुग्णालयाला एकच टक्का लावणे अन्यायाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारस केलेले रॉब्सन वर्गीकरण बाळंतिणींचे दहा गट करते. त्यांतील पहिलाच गट, म्हणजे पहिलटकरीण, एकच बाळ, डोके खाली, दिवस पूर्ण आणि कळा आपोआप सुरू झालेल्या, एवढ्याच बायकांतील सिझेरियनचे प्रमाण मागितले तरी तुलना बरीच न्याय्य होईल.

लहान नर्सिंग होमविषयी एक सावधगिरी. वर्षाला दोनशे प्रसूती करणाऱ्या ठिकाणी एक मृत्यू झाला म्हणून ते वाईट ठरत नाही आणि एकही झाला नाही म्हणून ते चांगले ठरत नाही. एवढ्या छोट्या संख्येत नशिबाचाच वाटा मोठा असतो. तेथे फलितापेक्षा अशी कार्यपद्धती पाहावी, जिचा फलिताशी संबंध सिद्ध झालेला आहे : बाळ जन्मल्यावर मिनिटभरात रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन दिले का, चीर देण्यापूर्वी तासाभराच्या आत अँटिबायोटिक दिले का, झटके आलेल्या बाईला रेफर करण्यापूर्वी झटके थांबवणारे मॅग्नेशियम सल्फेट दिले का. सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी एकेक बाब तपासण्याची जागतिक आरोग्य संघटनेची यादी दिल्लीसह आठ शहरांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तो गुण यादी मोठ्याने वाचण्याचा आणि सर्वांनी थांबून ऐकण्याचा आहे. शस्त्रक्रिया संपल्यावर टेबलाशी बसून यादीत मारलेल्या बरोबरच्या खुणांना तो नाही.

आपल्या स्वतःच्या दवाखान्यांसाठी तर तयार उदाहरण समोर आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला, त्यात शिबिरे किती झाली किंवा गोळ्या किती वाटल्या यावर भर नाही. नोंद झालेल्या रुग्णांपैकी गेल्या तिमाहीत किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली होता, हे विचारले जाते. आणि जो रुग्ण आलाच नाही, तो छेदातच राहतो. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे न आलेल्या माणसाची चौकशी करणे हे दवाखान्याच्या हिताचे होते. जनता वसाहतीतील घरकाम करणारी बाई सकाळच्या ओपीडीच्या वेळेत कामावर असते म्हणून येत नाही, हे त्या चौकशीतूनच कळते, आणि मग संध्याकाळची ओपीडी सुरू करण्याला आकड्यांचा आधार मिळतो.

रुग्णांचे मत विचारतानाही प्रश्न नेमके असावेत. बिल भरण्याच्या खिडकीशी ‘आपण समाधानी आहात का?’ असे विचारले, तर सगळेच समाधानी असतात. त्याऐवजी आठवड्यानंतर विचारावे : कोणती गोळी कशासाठी आहे हे कोणी समजावले का, पुन्हा कधी यायचे ते सांगितले का, प्रसूतिकक्षात कोणी तुमच्यावर ओरडले का. आणि प्रत्येक उत्तर पैसे कोण भरते त्यानुसार वेगळे मांडावे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव आहेत. त्या भरल्या की नाही, हे पाहणे आवश्यक आहे. त्या खाटांवरील रुग्णाला आणि शेजारच्या विमाधारक रुग्णाला सारखेच उपचार मिळाले का, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. सरासरीत हा फरक बुडून जातो.

माझी मागणी मोठी नाही. नवे पोर्टल नको, शंभर निर्देशांक तर मुळीच नकोत. वॉर्डातील सिस्टर आधीच इतकी रजिस्टरे भरते की रुग्णाला हात लावायला वेळ उरत नाही. वर सांगितलेल्यांपैकी पाच-सहाच मोजमापे निवडावीत, आणि सुरुवात खासगी रुग्णालयांना नोटिसा पाठवून न करता महापालिकेच्या प्रसूतिगृहांपासून करावी. पहिले वर्ष कोणाचीही क्रमवारी लावू नये, कोणाला बक्षीस देऊ नये, कोणावर कारवाई करू नये. फक्त आकडे छेदांसह जाहीर करावेत आणि दर महिन्याला थोड्या केसपेपरांची उलटतपासणी दुसऱ्या प्रसूतिगृहातील परिचारिकेकडून करून घ्यावी.

तीस दिवसांच्या फोनसाठी प्रत्येक प्रसूतिगृहात एका परिचारिकेचे दुपारचे दोन तास, एक चालू मोबाइल आणि एक वही एवढे पुरेल. डिस्चार्जच्या वेळी सासरच्या क्रमांकाबरोबर माहेरचा क्रमांकही केसपेपरवर लिहून घेण्याची सूचना आपण एका परिपत्रकाने देऊ शकता. ज्या परिचारिकांकडे हे काम येईल त्यांना फोनवर काय आणि कसे विचारायचे हे शिकवायला मी आणि माझ्या काही निवृत्त सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत. दिवस आणि ठिकाण आपण कळवावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त इन्फेक्शन कंट्रोल नर्स,
पुणे